रोजचं अपडाऊन आणि त्यातले बारीक ताप (नागपूरची बस, मेट्रो, शेअर ऑटो)

मानेवाडा_ते_मिहान

मंडळी, मेट्रो छान आहे, इलेक्ट्रिक बसा छान आहे, हे सगळं आधीच मान्य करून धागा काढून राहिलो. इथं फक्त बारीक ताप लिहायचे. जे पेपरात छापून येत नाही आणि तक्रार करायला गेलं तर समोरचा म्हणेल एवढ्याशा गोष्टीसाठी आला का बे.

माझ्यापासून सुरू करतो. मी मानेवाडा चौकातून रिंगरोडनं छत्रपती चौक, तिथून मेट्रोनं खापरी आणि मग मिहानमधे (कंपन्यांचा एरिया) आत. यातला मेट्रोचा तुकडा सगळ्यात बिनत्रासाचा, थंड हवेत बसायचं, फोन पाहायचा, उतरायचं. ताप आहे तो दोन्ही टोकांचा. सकाळी शेअर ऑटोवाला "निघूनच राहिलो, एकच सीट बाकी" म्हणून बसवते, ती सीट भरली की अजून एक सीट निघते कुठून तरी, आणि सगळ्यात शेवटची सीट म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची, अर्धा माणूस आत अर्धा रोडवर. आज आपण मागं बसलो म्हणजे वाचलो असं वाटून राहते तोवर ओंकार नगरला कोणी बाई लेकरू घेऊन चढते आणि भाऊ मागं वळून म्हणते, दादा तुम्ही समोर या. तिकडं खापरीला उतरलं की स्टेशन चकाचक, आणि गेटच्या बाहेर निघालं की ऊन. ज्यांना कंपनीची बस आहे ते सुटले, बाकीचे ओळखीचा हेल्मेटवाला दिसतो का पाहत उभे.

तुमचे सांगा. कोणता पक्ष काय करून राहिला हे इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथं आधीच आग लागली आहे.

सावलीची_सीट

हसू नका, पण यावर माझं संशोधन आहे. मी बुटीबोरीकडून वर्धा रोडनं सकाळी बुल्डीला (म्हणजे सीताबर्डीला) येते आणि संध्याकाळी वापस. सकाळी बसचं तोंड उत्तरेला, ऊन पूर्वेचं, म्हणजे उजवीकडून. संध्याकाळी तोंड दक्षिणेला, ऊन पश्चिमेचं, म्हणजे परत उजवीकडूनच! म्हणजे ड्रायव्हरच्या मागची रांग दिवसातून दोनदा भाजते आणि दाराकडची रांग दोन्ही वेळा सावलीत. एप्रिल-मे मधे त्या उजव्या खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लावून दाखवा कोणीही.

आता माझा ताप. हे गणित मला एकटीलाच माहीत आहे असं नाही ना. बस लागायच्या आत खिडकीतून डावीकडच्या सीटवर रुमाल पडतो, स्कार्फ पडतो, टिफिनची पिशवी पडते, आणि दारातून रीतसर चढणारी मी उजवीकडं. एकदा तर एका मॅडमनं एका सीटवर पर्स आणि बाजूच्या सीटवर पाण्याची बाटली टाकून दोन जागा धरल्या, बाटलीवाली मैत्रीण चिंचभवनला चढणार होती म्हणे.

कामठी_लाइन

ताई तुमचं गणित आमच्याकडं उलटं. आम्ही कामठीवाले सकाळी दक्षिणेला तोंड करून येतो, संध्याकाळी उत्तरेला जातो, आमची डावी बाजू भाजते. आणि आमच्या बसमधे डाव्याच सीटा महिला राखीव आहे, म्हणून बायका उन्हात आणि आम्ही सावलीत उभे. बसलेले कोणी नाही, उभेच, जागा कुठं आहे.

आमचा खरा ताप वेगळा. कामठी रोडवर वर्षानुवर्षं खोदकाम सहन केलं, धूळ खाल्ली. २०२२ च्या डिसेंबरात वरून मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली, मग २०२४ मधे तिच्या खालचा उड्डाणपूल, ५.६७ किलोमीटरचा. गड्डीगोदामला तर चार मजले, खाली रोड, त्याच्यावर रेल्वेचे रूळ, त्याच्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो, बाहेरगावचे पाहुणे फोटो काढते. मस्त. पण बसचे स्टॉप खाली आहे त्यामुळं बस खालूनच जाणार, म्हणजे कारवाले पुलावरून निघून गेले, मेट्रोवाले त्यांच्याही वरून, आणि आम्ही इंदोऱ्याच्या सिग्नलवर पिल्लर मोजून राहिलो.

हिंगणा_टी_पॉइंट

हिंगण्याच्या बसमधे डावं उजवं काहीच नाही. सकाळी पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला, दोन्ही वेळा सूर्य समोरच्या काचेत. त्या ड्रायव्हरचा विचार करा जरा. काचेवर वरती पेपर चिकटवते बिचारे, आणि आपण म्हणतो यांना हात दाखवला तरी दिसत नाही.

धंतोलीच्या_काकू

वय झालं त्यामुळे मी फार फिरत नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा बस लागतेच. तुम्ही मुलं उन्हाचं बोलता आहात, मग स्टॉपवरच्या स्टीलच्या बाकड्याबद्दल कसं कोणी बोललं नाही? ज्यानं कोणी ते निवडलं त्याला एकदा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी दोन वाजता त्यावर बसवा. नेसूचं लुगडं असो की जीन्स, चटका तो चटका. छप्पर आहे पण ते अशा उंचीवर की सावली बाकड्यावर न पडता मागच्या नालीवर पडते. बरं त्या सावलीत जाऊन उभं राहावं तर तिथं कोणाची तरी अॅक्टिव्हा लावलेली आणि संध्याकाळी पाणीपुरीचा ठेला. ठेलेवाल्याशी माझं भांडण नाही, तो बिचारा "आजी बसा" म्हणून स्टूल तरी देतो.

दुसरं, बस स्टॉपवर थांबत नाही, स्टॉपच्या समोर, म्हणजे पुढे जाऊन थांबते. सगळी गर्दी तिथं धावते. मी धावत नाही, मी आपली चालत जाते आणि मग कंडक्टर म्हणतो, काकू लवकर.

तिसरं हे बायकांसाठी. अजूनही प्रत्येक फेरीत कोणीतरी सिटी बसमध्ये अर्धं तिकीट मागते आणि वाद होतो. अहो ती ५०% ची सवलत एसटीची आहे, १७ मार्च २०२३ पासूनची. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास तोही २०२२ पासून एसटीतच. शहराची बस वेगळी, तिचे नियम वेगळे. हे बसमध्ये एका पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं तर कंडक्टरचा घसा वाचेल.

बर्डी_बॉय

काकू +१००, ते बाकडं म्हणजे तवा आहे तवा.

मेट्रोवाले कोणीच नाही का? माझा ताप म्हणजे स्पीकरवर रील पाहणारे. बसमधे इंजिन, हॉर्न, कंडक्टरची घंटी यात ते रील बुडून जाते. मेट्रो शांत, त्यामुळं एका माणसाचं रील अख्ख्या डब्याला पाहावं लागते, आणि तेही पूर्ण नाही, पाच सेकंद झाले की दुसरं. डोस्कं फिरते. त्यापेक्षा कोणी अख्खं भजन लावलं तर चालेल.

आणि दार. सीताबर्डीला दार उघडल्याबरोबर आतले बाहेर आणि बाहेरचे आत एकाच वेळी, जसं काही पुढची गाडी उद्याच आहे. तिथं दोन लाइन वेगवेगळ्या मजल्यावर आहे, ऑरेंजवरून (खापरीची लाइन) अॅक्वाला (लोकमान्य नगरची) जायचं तर जिना आहेच, मग त्या एस्केलेटरवर दोघं मित्र बाजूबाजूला उभे राहून गप्पा, मागं आपल्याला लोकमान्य नगरची गाडी डोळ्यासमोर सुटताना दिसून राहिली. "भाऊ जरा बाजूला" म्हटलं तर असं पाहते जसं काही त्यांच्या घरात शिरलो.

पार्टी_ऑन_व्हील्स

माझ्या ऑफिसमधले लोक तर मेट्रोचा डबा बुक करून वाढदिवस करायला निघाले होते. ती स्कीम खरीच आहे, पैसे भरून डबा घेता येतो. मला तक्रार नाही, पण त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात आपण रात्री ऑफिसमधून थकून चाललो आणि तिकडून "हॅप्पी बर्थडे टू यू" येऊन राहिलं की केक तरी पाठवा म्हणावंसं वाटते.

स्प्लेंडर_प्रो

एवढं रडण्यापेक्षा गाडी घ्या ना सेकंड हॅण्ड. नागपुरात कुठूनही कुठं अर्ध्या तासात पोचतो माणूस. मी तर आयुष्यात सिटी बसमधे बसलो नाही.

सावलीची_सीट

म्हणूनच तुम्हाला माहीत नाही भाऊ. बुटीबोरीवरून वर्धा रोडनं ट्रकांच्या मधून मे महिन्यात रोज स्कार्फ, गॉगल, हातमोजे घालून गाडी चालवून पाहा आणि मग सांगा. माझी गाडी घरी आहे, पोरगा चालवते.

स्प्लेंडर_प्रो

मी खिशात कांदा ठेवतो, ऊन लागत नाही.

बर्डी_बॉय

तुमच्यासारखे कांदेवाले बसमधे पण असते भाऊ, बंद काचेच्या एसी बसमधे. तो पण एक ताप लिहून घ्या.

मानेवाडा_ते_मिहान

😂 कांद्यावर वेगळा धागा काढा.

स्प्लेंडर भाऊ, तुमचं म्हणणं चूक नाही, पण गाडी ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी हा धागाच नाही. आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांचा ताप शहराच्या नकाशातच आहे असं मला वाटते. नकाशा काढून पाहा. एक लाइन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, एक पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, मधात सीताबर्डी. झालं अधिकचं चिन्ह. जो त्या चार रेघांवर राहते त्याचं भलं झालं. आता चार कोपरे पाहा. दक्षिण-पूर्वेला मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, दिघोरी, इकडं नवीन वस्त्या वाढूनच राहिल्या. उत्तर-पश्चिमेला काटोल रोड, दाभा, गोरेवाडा. वाडी, दत्तवाडी अमरावती रोडवर. यांनी काय करायचं? आधी कशात तरी बसून रेघेपर्यंत यायचं.

दुसऱ्या टप्प्याचं म्हणाल तर ४३.८ किलोमीटरला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मधेच आली, चांगली गोष्ट आहे, पण तो टप्पा म्हणजे त्याच चार रेघा अजून लांब ओढणं. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसीचं ट्रान्सपोर्ट नगर. बाहेरून येणाऱ्याला फायदा आहे, सावली ताईंना तर नक्कीच. कोपरे तसेच उघडे. कोपऱ्यांत बसच पाहिजे, छोटी चालेल, पण ती येणार हे माहीत पाहिजे. मला वीस मिनिटं थांबायला काही नाही हो. वीस मिनिटं की पन्नास हे माहीत नसते त्याचा ताप आहे. म्हणून तर मी त्या ऑटोवाल्याच्या "निघूनच राहिलो" वर रोज विश्वास ठेवतो, त्याचं खोटं तरी डोळ्यासमोर असते.

पुणे_रिटर्न

हे शेवटचं एकदम बरोबर. पुण्यात काही फार वेगळं नव्हतं पण तिथं एका रोडवर इतके नंबर जायचे की एक नाही तर दुसरी मिळायची. इथं माझ्या स्टॉपवर ज्या रूटची बस येते तो एकच, चुकली की चुकली. आणि समोरची डिजिटल पाटी! कधी बंद, कधी वापसीच्या फेरीतही जातानाचंच नाव. लोक पाटी वाचतच नाही, दारात पाय ठेवून ओरडून विचारतात "मेडिकल जाते काऽऽ", आणि ड्रायव्हर मान हलवतो, ती हो की नाही ते वर चढल्यावर कळते.

अजून एक, एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे म्हणून पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं होतं मेट्रोनं या. स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल तिथून बरंच आत. पाहुणे चाकाची बॅग ओढत उन्हातून निघाले. अजून बोलत नाहीत नीट.

जुना_महालवाला

तुम्ही सगळे तरुण आहात. महापालिकेच्या बसा यायच्या आधी शहरात एसटीच सिटी बस चालवायची, ते कोणाला आठवते का? लाल डबे. लोक आता म्हणतात ते दिवस चांगले होते. काही चांगले नव्हते. महालातून बुल्डीला जायला आम्ही सायकल रिक्षा करायचो किंवा पायी निघायचो, कारण बसच्या भरवशावर सिनेमाची पहिली रीळ बुडायची. नंतर स्टार बस आली, आता तिचंही नाव बदललं, तरी आमच्या घरात अजून कोणतीही सिटी बस आली की "स्टार बस आली" म्हणते.

माझा आताचा ताप सणावाराचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते तेव्हा इतवारी-महालात बस येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळते. पण स्टॉपवर एक कागद लावायला काय जाते की आज बस इथून नाही तिथून? दरवर्षी कोणीतरी बाहेरगावचा माणूस त्या स्टॉपवर उभा असते आणि मी बाल्कनीतून ओरडून सांगतो, काका आज नाही येत.

झिरो_माइल_०

मारबत एका दिवसाची. विधिमंडळाच्या अधिवेशनाचं काय? १९५३ च्या नागपूर कराराचा मान म्हणून डिसेंबरात सरकार इकडं येते, आनंद आहे. पण ते आलं की मोर्चे येतात, मोर्चे आले की टेकडी रोड, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, जिथं पाहाल तिथं बॅरिकेड. बस कोणत्या गल्लीतून निघेल ते ड्रायव्हरलाही चौकात आल्यावर कळते. मोर्चेवाल्यांबद्दल काही म्हणणं नाही, त्यांचे प्रश्न माझ्या बसपेक्षा मोठे आहे, अंगणवाडीच्या बाया कुठून कुठून रात्रभर प्रवास करून येतात. मी त्या दिवसांत कस्तुरचंद पार्कला मेट्रोतून उतरून सरळ पायी जातो. तेवढ्यापुरती मेट्रो म्हणजे देव आहे, तिला बॅरिकेड लागत नाही.

तिकीट_मशीन

वाचक होतो, आज लिहून राहिलो कारण आमच्या घरात कंडक्टर आहे. तुमचे ताप वाचून दाखवले, त्यानं त्याचे सांगितले, जसेच्या तसे टाकतो.

सकाळची पहिली फेरी, थैलीत चिल्लर नाही, आणि पहिलाच माणूस पाचशेची नोट काढते. त्याच्या मागचाही पाचशे. मग तिकिटाच्या मागं लिहून द्यायचं इतके बाकी. उतरायच्या वेळी पाच जणं एकदम हात लांब करते आणि गाडी सिग्नलवर, मागून हॉर्न. आता बरेच लोक मोबाईलनं पैसे देते, तर बरोबर पुलाखाली नेटवर्क जाते आणि ते गोल फिरत राहते, पैसे गेले की नाही गेले, तोवर त्याचा स्टॉप निघून जाते आणि तो म्हणते तुम्हीच थांबवली नाही.

स्टॉपच्या समोर बस थांबते म्हणता ना काकू, स्टॉपवर ऑटो उभे असते. बस लावायची कुठं? रोडच्या मधात थांबवली तर चालान नाही तर शिव्या. आणि दारातले पोट्टे. आत अर्धी गाडी खाली आहे पण दारातून हलत नाही, कारण त्यांना "समोरच उतरायचं आहे". हे समोर म्हणजे कधी कधी शेवटचा स्टॉप.

उशिरा का येता विचारलं तर तो म्हणे, वेळापत्रक रस्ता रिकामा धरून बनते आणि गाडी भरल्या रस्त्यावर चालते. शेवटच्या स्टॉपवर पाणी प्यायला थांबलो तर लोक खिडकीतून विचारते, निघायचं नाही का.

धंतोलीच्या_काकू

त्यांना सांगा काकूंनी ऐकलं. ऑटोचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि पुढच्या वेळी मी सुटे घेऊनच निघेन, दहाच्या नोटांची एक वेगळी पुरचुंडी करून ठेवते.

कामठी_लाइन

काकू तुम्ही पुरचुंडी काढाल आणि मागचा पाचशेवाला तीच चिल्लर घेऊन जाईल 😄

बेसा_चौक_नवीन

धागा चांगला चालला आहे, मधात घुसतो, माफ करा. उद्या रात्री साडेदहाला पुण्याहून आईबाबा येऊन राहिले नागपूर स्टेशनला. बेसाला यायचं आहे. मी इकडं नवीन, गाडी नाही. मेट्रो मिळेल का?

बर्डी_बॉय

साडेदहाला नाही. मेट्रो साधारण रात्री दहापर्यंतच. त्याच्या आधी आईबाबांची गाडी आली असती तर मुख्य गेटनं न निघता संत्रा मार्केटच्या बाजूनं निघायचं, मेट्रो स्टेशन तिकडं आहे, मग सीताबर्डीला गाडी बदलून छत्रपती चौक. अॅपची टॅक्सी बोलवाल तर आधी फोन करून विचारेल कुठं जायचं आणि बेसा ऐकल्यावर कॅन्सल करेल, तयारी ठेवा.

मानेवाडा_ते_मिहान

भाऊ, एक पाहा, गाडी अजनीला थांबते का. पुण्याकडून येणाऱ्या गाड्या आधी अजनीतून जातात, काही तिथं थांबतात. तिथून बेसा बरंच जवळ, आणि मोठ्या स्टेशनबाहेरच्या ऑटोंपेक्षा भाव कमी सांगते.

बेसा_चौक_नवीन

पाहिलं, थांबते! धन्यवाद दादा. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि आंब्याची पेटी आहे, ऑटोत बसेल ना?

मानेवाडा_ते_मिहान

बसते. पण शेअरमधे नका बसू, तो पेटीची पण सीट लावेल. पूर्ण ऑटो करा आणि सामान ठेवायच्या आधी भाव ठरवा, ठेवल्यानंतर नाही.